ऑटिझमसाठी ‘ऑडिटरी ट्रेनिंग’: पैसे भरण्याआधी हे वाचा

20 सेशन, प्रत्येकी 30 मिनिटं. दिवसाला दोन, मध्ये किमान 3 तासांचं अंतर. एकूण 600 मिनिटं हेडफोनवर मशीनमधून बदललेलं संगीत, फी सगळी आगाऊ. पावतीवर ‘उपचार’ हा शब्द कुठेच नाही, तिथे ‘शैक्षणिक कार्यक्रम’. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा साचा नवीन नाही. नवीन एवढंच की बोलायची लाज वाटते, म्हणून आम्ही गप्प बसतो आणि पुढचं घर त्यात अडकतं.

पद्धत फ्रान्समधल्या गी बेरार या कान-नाक-घसा तज्ज्ञांची. त्यांचं म्हणणं असं की मुलाला काही फ्रीक्वेन्सी जास्त तीव्र ऐकू येतात आणि वागण्यातल्या अडचणी त्यातून येतात. ऑडिओग्रामवर (कुठला स्वर किती हळू असला तरी ऐकू येतो, त्याच्या आलेखावर) ती ‘शिखरं’ शोधायची, गाण्यातून नेमक्या त्या फ्रीक्वेन्सी गाळायच्या, उरलेल्या गाण्यातले उंच आणि खालचे स्वर मशीननं कसेही उलटसुलट कापायचे. 5 तासांनी पुन्हा ऑडिओग्राम, 10 तासांनी आणखी एक. आलेख सपाट झाला की कान ‘दुरुस्त’.

ऐकायला पटतं, हेच तर दुखणं आहे. हात वाळवायच्या मशीनच्या आवाजानं मूल किंचाळत जमिनीवर पडत असेल, तर कानात काहीतरी बिघडलंय असं कुणालाही वाटेल. फसलेले पालक अडाणी नसतात, झोप न झालेले असतात.

खरी चोरी त्या मधल्या ऑडिओग्रामला होते, आणि ती उघड्या डोळ्यांसमोर होते. श्रवणचाचणी साधारण 5 डेसिबलच्या पायऱ्यांनी घेतात. त्याच माणसाची, त्याच मशीनवर, दुसऱ्या दिवशी घेतली तर 5 डेसिबल इकडेतिकडे होतातच. कुठलाही ऑडिओलॉजिस्ट त्याला बदल म्हणत नाही. त्यात मूल बटण दाबण्याची सूचना अर्धीच समजलेलं, कंटाळलेलं, हेडफोन ओढून काढणारं. 2000 हर्ट्झला दिसलेलं ‘शिखर’ म्हणजे तेवढ्यापुरतं त्याचं लक्ष होतं, इतकंच असू शकतं. पुढच्या वेळी ते शिखर जाणारच, कारण अपघातानं आलेली टोकं दुसऱ्या मोजणीत आपोआप सरासरीकडे सरकतात. वर मूलही चाचणीला सरावतं आणि रेघ सरळ होते. मोजणारा, विकणारा आणि ‘फरक पडला’ म्हणणारा एकच माणूस! तिथेच उठायला हवं होतं. पण हातात दोन आलेख, एक वाकडा आणि एक सरळ, असं असताना कोण उठतं? दोन्ही आलेखांच्या प्रती मागा. दिल्या नाहीत तर पुढचं सेशन करूच नका.

हेडफोनमधला आवाज 85 डेसिबलच्या आत असल्याचं सांगतात. मोजून दाखवा म्हणा. मोबाईलमधलं अॅप हेडफोनच्या कपापाशी धरणं म्हणजे मोजणं नव्हे. त्यासाठी कप्लर (हेडफोन बसवून आतला आवाज मोजायचं साधन) लागतो. 85 ही तरी कुणाची मर्यादा? मोठ्या कामगाराची, 8 तासांच्या पाळीची. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास, असा आहे. दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणून ‘थोडासा मोठा’ आवाज थोडासा नसतो.

मूल चिडचिडं झालं, झोप उडाली, की सांगतात ‘परिणाम सुरू झाला’. काहीच झालं नाही, की ‘काही महिन्यांत दिसेल’. तेवढ्या महिन्यांत कुठलंही मूल चार गोष्टी शिकतंच, त्याचं श्रेय यांचं. तरीही फरक नसेल, तर कोर्सनंतर कधी हेडफोन लावले होते का, हा प्रश्न येतो. लावले असतील तर परिणाम पुसला गेला, चूक तुमची. ही अट पैसे भरल्यावर कळते.

पुरावा नाही असं नाही, पुरावा विरुद्ध आहे. 1996 मध्ये बेटिसन यांनी 80 मुलांवर प्रयोग केला: निम्म्यांना प्रक्रिया केलेलं संगीत, निम्म्यांना तेच संगीत जसंच्या तसं. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा. 2000 सालच्या मडफर्ड यांच्या प्रयोगात प्रत्येक मुलाला खरं आणि खोटं ट्रेनिंग वेगवेगळ्या वेळी दिलं; त्यातलं खरं नेमकं कधी मिळालं हे बहुतेक पालकांना मागाहून सांगताच आलं नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2011 च्या आढाव्यातही या थेरपीला पाठबळ देणारा पुरावा सापडला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं तर 1998 मध्येच, संशोधनाबाहेर ही वापरू नका, असं सांगितलं होतं.

आता तक्रार करून बघा. वैद्यकीय परिषद म्हणते, हे सेशन घेणारे डॉक्टरच नाहीत, आमच्या कक्षेत येत नाहीत. उपकरणांवर देखरेख ठेवणारे म्हणतात, मशीन ‘शैक्षणिक साधन’ म्हणून विकलंय, म्हणजे वैद्यकीय उपकरण नाही. ग्राहक तक्रार विभाग विचारतो, 20 सेशन झाली ना? मग सेवा मिळाली. पोलीस विचारतात, संमतीपत्रावर सही तुमचीच ना? आणि त्या पत्रात बारीक अक्षरांत ‘परिणामाची हमी नाही’ असतं. हमी तोंडी, माघार लेखी. चार टेबलं फिरवतात आणि प्रत्येक टेबलावर तुम्हालाच आरोपीसारखं विचारतात की इतकं शिकून असं कसं केलंत. ‘ऑटिझम बरा होतो’ ही जाहिरात मात्र भिंतीवर तशीच! त्या जाहिरातीचा तारखेसह फोटो, पावती, मेसेज जपून ठेवा. ‘शैक्षणिक’ या शब्दाला छेद देणारं तेवढंच आपल्या हातात असतं.

मुलाचा कान खरोखर तपासायचा असेल तर मळ, पडद्यामागचं पाणी (टिम्पॅनोमेट्री), ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) आणि गरज पडल्यास बेरा (आवाजाला श्रवणाच्या नसा आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी चाचणी). बेराला आणि ओएईला मुलाला बटण दाबावं लागत नाही. ऐकणं व्यवस्थित निघालं आणि आवाज तरी सहन होत नसेल, तर त्रासदायक आवाज आधी लांबून, हळू, मुलाच्या हातात बंद करायचं बटण देऊन ऐकवा. गर्दीच्या ठिकाणी कान झाकणारे मफ, पण दिवसभर नाही, नाहीतर साधे आवाजही बोचू लागतात. पुढे काय होणार हे आधी चित्रांनी दाखवलं तर निम्मी घबराट टळते. बोलण्यासाठी स्पीच थेरपी.

पैसे भरून मोकळे झाला असाल आणि सेशन उरली असतील, तर ‘भरलेत तर पूर्ण करू’ हा हिशोब करू नका. मूल हेडफोन काढून फेकत असेल, कानात आवाज घुमतो असं खुणावत असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि उरलेल्या मिनिटांचे पैसे लेखी मागा.