डिस्टोपियन प्रेमकथा दुसऱ्या वाचनात कितपत टिकतात?

गेले काही महिने मी युवा वाचकांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातील जुलमी समाजाचे चित्र रंगवणाऱ्या, कादंबऱ्या सलग वाचत आहे आणि त्यांतील काही दुसऱ्यांदाही वाचून झाल्या आहेत. पहिल्या वाचनात या पुस्तकांचा वेगच इतका असतो की पाठलाग आणि पहिले चुंबन यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. प्रेमकथा नेमकी कशावर उभी आहे, हे कळते ते शेवट ठाऊक झाल्यावरच.

सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) दुसऱ्या वाचनात मला अधिक आवडली, आणि त्याचे श्रेय मी चिठ्ठ्यांच्या हिशेबाला देईन. पॅनेम या कल्पित देशात दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुले निवडतात आणि त्यांना दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात उतरवतात. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एकेक वाढत जाते, आणि गरीब घरातील मूल घरच्या एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढे धान्य आणि तेल घेऊन त्या बदल्यात आणखी एक चिठ्ठी पत्करू शकते. या जादा चिठ्ठ्याही वर्षागणिक साठत जातात. त्यामुळे सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, नावाने २० चिठ्ठ्या असतात, तर तिचा अठरा वर्षांचा मित्र गेल याच्या नावाने ४२. हा हिशेब वाचकाने स्वतः मांडून पाहिला तरी जुळतो, आणि म्हणूनच ते जग खरे वाटते.

प्रेमही याच व्यवस्थेत अडकलेले आहे. खेळ चालू असताना एका गुहेत कॅटनिस तिच्याच भागातून निवडला गेलेला जखमी स्पर्धक पीटा याचे चुंबन घेते आणि पॅराशूटने गरम सुपाचे भांडे खाली येते. प्रेक्षकांना आणखी प्रेम दाखव म्हणजे आणखी मिळेल, हा तिचा मार्गदर्शक हेमिच याचा निरोप तिला शब्दांविनाच कळतो. तिच्या मनात खरे काय आहे, हे तिलाही सांगता येत नाही, आणि हा संभ्रम लेखिकेने वरून लादलेला नसून खेळाच्या नियमांतूनच उपजलेला आहे. (प्रेमाच्या त्रिकोणाचा मला एरवी कंटाळा आहे, येथे कॅटनिस, पीटा आणि गेल यांचा तो सहन झाला.)

अ‍ॅली कॉन्डी यांच्या ‘मॅच्ड’मध्ये (२०१०) जोडीदार शासनच ठरवते आणि हाताने लिहिण्याची कला लोक विसरलेले असतात. तेथे ‘काय’ (Ky) नावाचा मुलगा नायिका कॅसियाला मातीत अक्षरे गिरवायला शिकवतो, तो प्रसंग कोणत्याही चुंबनापेक्षा अधिक उत्कट उतरला आहे. कथानक मात्र संथ आहे.

व्हेरोनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (२०११) पहिल्यांदा एका बैठकीत संपवली होती. दुसऱ्या खेपेस मात्र, अख्खे शहर पाच गुणांनुसार पाच गटांत वाटले जाऊन इतकी वर्षे चालले कसे, हा प्रश्न पाठ सोडत नाही. नायिका ट्रिस आणि तिचा प्रियकर फोर यांच्यातील ओढ खरी वाटते, पण ती या गटांवाचूनही तशीच राहिली असती. या मालिकेच्या तिसऱ्या भागात दोघे आळीपाळीने निवेदन करतात आणि त्यांचे आवाज इतके सारखे आहेत की कोण बोलत आहे, हे पाहण्यासाठी मला वारंवार प्रकरणाच्या सुरुवातीचे नाव शोधावे लागले.