आईची साखर दुरून पाहायची: मीटरचा फोटो की सेन्सर?

ग्लुकोमीटरचा, म्हणजे बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणाऱ्या यंत्राचा, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं स्वस्त, पण आकडा त्या क्षणापुरताच. सोबत 'उपाशीपोटी' की 'जेवणानंतर २ तास' आणि इन्सुलिनचे युनिट लिहिले नाहीत, तर १८० चा अर्थच लागत नाही. बोटाला आंब्याचा रस लागला असेल तर आकडा फुगतो. हात धुऊन, कोरडे करूनच टोचावं. मध्यरात्रीची घसरण मात्र निसटतेच.

ही घसरण त्वचेवर चिकटवलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर पकडू शकतो. दंडावरचा लिब्रे नावाचा सेन्सर १४ दिवस चालतो, त्याचे आकडे लिब्रेलिंकअप या ॲपवरून घरच्यांना दिसतात. गोम अशी, की पहिल्या पिढीच्या सेन्सरला आकडा वाचण्यासाठी फोन टेकवावा लागतो. ८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर मधला आलेख कायमचा जातो. आईच्या फोनवर इंटरनेट हवंच. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे साखर खोटी कमी दिसते. म्हणून ७० च्या खाली दिसलं तर फोन करा, बोटातून तपासायला सांगा. घाम, थरथर असेल तर तपासत बसू नका: ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नये, थेट १०८.

इन्सुलिनवर असलेल्यांना सेन्सरच बरा. नुसत्या मेटफॉर्मिनवर (मधुमेहाची गोळी) असतील तर फोटो पुरे. आणि पाहणारे दोघंच ठेवा, नाहीतर प्रत्येक जेवणानंतर चार फोन!