सर्ज एक्सटी आठ महिने वापरल्यावर : आत्याचे अभंग, गांधार आणि लाल दिवा

आठ महिन्यांत आत्याचे अकरा अभंग घरी रेकॉर्ड केले. पहिले तीन पुन्हा करावे लागले आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं, आवाजाची पातळी. त्यामुळे लिहायला बसलेय सर्ज एक्सटी या सिंथबद्दल (संगणकावर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर वाद्य), पण निम्मं लिखाण पातळीबद्दलच होणार.

सामान साधंच आहे. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करते. ते ६० दिवस वापरून बघता येतं, घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. सर्ज एक्सटी मात्र पूर्ण फुकट. क्लेस योहान्सन यांनी व्हेम्बर ऑडिओ या नावाने विकायला काढलेला हा सिंथ २०१८ मध्ये त्यांनी सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळतात. एक्सटी ही आवृत्ती २०२२ ची.

यात पेटी, संतूर, बासरी शोधू नका. हा नमुने वाजवणारा सँपलर नाही, इथे आवाज घडवावा लागतो. तयार पॅच, म्हणजे आधीच घडवून ठेवलेले आवाज, अडीच हजारांहून जास्त आहेत, पण पहिल्या महिन्यानंतर मी त्यातले सहाच वापरले. अभंगाला मागे हलकासा भरणा लागतो, एखादा मऊ पॅड (लांब रेंगाळणारा आवाज), खाली एक गोल बेस, बस्स. सर्जमधला तारेसारखा आवाज काढणारा स्ट्रिंग ऑसिलेटर वापरून तानपुरा करायचा प्रयत्न तीन आठवडे केला. जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काही आली नाही. ती सिंथकडे मागणंच चूक होतं. घरात मिरजेचा तानपुरा आहे, तोच माइकसमोर ठेवला.

मी सर्जवर टिकले ती त्याच्या ट्यूनिंगमुळे. कीबोर्डचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत १०० सेंट). तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ५/४ या गुणोत्तराचा, म्हणजे ३८६ सेंटवर. फरक १४ सेंटचा. कागदावर किरकोळ वाटतो, पण लांबवलेल्या पॅडवर गांधार धरून ठेवला आणि आत्याने तोच स्वर लावला की दोघांमध्ये लाटा उठतात. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, तुझं ते यंत्र माझ्या गांधाराला वर ओढतंय." तिला सेंट वगैरे काही माहीत नाही. शुद्ध धैवताचंही तेच, तो ५/३ ने ८८४ वर येतो, कीबोर्डवर ९०० वर.

सर्जमध्ये स्काला फाइल, म्हणजे स्वरांची अंतरं लिहिलेली फाइल, उघडता येते. ती साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते. वर वर्णनाची ओळ, मग १२ हा आकडा, मग एकेका ओळीत गुणोत्तरं : १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८ आणि शेवटी २/१. सोबत दुसरी एक छोटी फाइल लागते, षड्ज कुठल्या पट्टीवर ते सांगणारी. आत्या काळी चारमध्ये गाते, म्हणून तिथे २०७.६५ हर्ट्झ. कोमल गांधार रागाप्रमाणे खाली-वर होतो, त्यासाठी ६/५ ऐवजी ३२/२७ टाकलेली आणखी एक फाइल केलीय. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम घडवली ती याच गरजेतून. आपल्याला घरी बसून तेवढं नाही, पण एका गाण्यापुरते बारा स्वर नेमके लावता येतात, तेही एक पैसा न देता. त्याच फाइली डेक्स्डमध्येही चालतात. डेक्स्ड म्हणजे १९८३ च्या यामाहा डीएक्स७ चा फुकट मिळणारा सॉफ्टवेअर अवतार. घंटेसारख्या आवाजांसाठी छान, बाकी मी फारसा वापरला नाही.

आता पातळी. सर्जच नव्हे, बहुतेक सॉफ्टवेअर सिंथ मुळातच दणदणीत वाजतात. तयार पॅच दोन सेकंदांत मनात भरावा अशा बेताने केलेला असतो. त्यात चार स्वर एकत्र दाबले की एका स्वराच्या मानाने सरासरी पातळी साधारण ६ डीबी (डेसिबल) वर जाते आणि लाटांची टोकं जुळली तर शिखर १२ डीबीपर्यंत चढतं. मी आधी पॅड वाजवून ठेवला आणि मग आत्याला हेडफोन देऊन उभं केलं. त्या भिंतीसारख्या पॅडपुढे तिला स्वतःचा आवाज बारीक वाटला. "माझं वाढव गं थोडं," ती म्हणाली. मी इंटरफेसचा नॉब फिरवला. तालमीत सगळं ठीक होतं. खऱ्या टेकला, अंतऱ्यात तार षड्जावर गेल्यावर तिने गळा मोकळा सोडला आणि लाल दिवा लागला. ती तान तिला नंतर तशी पुन्हा कधी जमली नाही. फाइल अजून माझ्याकडे आहे, लाटांचे माथे सपाट कापलेली. यालाच क्लिपिंग म्हणतात.

इथे दोन तांबड्या दिव्यांतला फरक कळायला हवा. रीपरच्या आत, ट्रॅकवर शून्य डीबीच्या, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या, वर गेलेला सिंथ वाया जात नाही, कारण आतलं गणित ६४ बिट फ्लोटचं आहे. मागाहून फेडर (ट्रॅकची आवाजपट्टी) खाली घेतला की लाट शाबूत परत मिळते. मात्र इंटरफेसमध्ये, जिथे माइकच्या विजेचे आकडे होतात, तिथे शून्याच्या वरचं काही उरतच नाही. रेकॉर्ड होताना ट्रॅकचा फेडर खाली ओढून उपयोग नाही, तो नोंदलेल्या पातळीला हातही लावत नाही. फक्त नॉब.

म्हणून आता क्रम उलटा केलाय. पॅड वाजवण्याआधीच सर्जचा ग्लोबल व्हॉल्यूम खाली आणते, सगळ्यात भरगच्च कॉर्ड वाजली तरी शिखर उणे १८ डीबीच्या वर जाऊ नये इतका. हेडफोनमध्ये पुरेसं ऐकू येत नसेल तर हेडफोनचा नॉब वाढवायचा, दुसरं काही नाही. मग आत्याला अभंगातली सगळ्यात वरची ओळ म्हणायला लावते, मुखडा नाही. तिथे शिखर उणे १२ च्या आसपास ठेवते. तालमीपेक्षा ती टेकला सहज ५-६ डीबी जोरात गाते, तरी जागा शिल्लक राहते.

स्क्रीनवर लाट बारकी दिसते आणि पहिले काही दिवस जीव खालीवर होतो. टेप आणि १६ बिटच्या काळात पातळी वर ठेवण्याला अर्थ होता. २४ बिटमध्ये एका बिटमागे सुमारे ६ डीबी मिळतात. १२ डीबी रिकामे सोडले तर दोन बिट गेले, बावीस उरले. आमच्या खोलीतला पंखा, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी हे सगळं त्या बावीस बिटांच्या तळापेक्षा कितीतरी वर आहे. नॉब वाढवून गळा आणि पंखा दोन्ही सारखेच वाढतात. गळा तेवढा वाढवायचा असेल तर माइक जवळ घ्यायचा. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डीबी वाढतो, खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. एका फुटावरून अर्ध्या फुटावर आणला, थोडा तिरका ठेवला म्हणजे 'पंढरी'तला प आणि 'भाव'मधला भ माइकवर आदळत नाहीत.

आणखी एका गोष्टीने मला फार फिरवलं. सर्जचे काही पॅच माझ्या लॅपटॉपला झेपत नाहीत, तेव्हा करकर ऐकू येते. क्लिपिंगलाही तशीच करकर. दोन आठवडे मी पातळी कमी करत बसले आणि दोष होता बफरचा, म्हणजे संगणक एका दमात जेवढा आवाज तयार करतो त्या तुकड्याचा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, तेवढ्यात प्रोसेसरचं काम उरकत नव्हतं. ओळखायची सोपी खूण : गाणं फाइलमध्ये रेंडर करून ऐका. करकर गेली तर बफर, राहिली तर क्लिपिंग. आता वाजवताना २५६ ठेवते, आत्या गाताना पॅड आधीच ऑडिओ करून सिंथ बंद करते.

शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, लिमिटर लावते, शिखर उणे १ डीबीच्या वर जाऊ न देणारा. यूट्यूब उणे १४ लफ्सच्या (गाण्याच्या एकूण जोराचं माप) वरचं गाणं स्वतःच खाली आणतं, म्हणून त्यापुढे दाबत नाही.

बारावा अभंग रविवारी आहे. आत्याने आधीच बजावलंय, यंत्र तिच्या गांधाराला लावून मगच तिला बोलवायचं.