मराठी फॅन्टसी कादंबरी स्वतःच काढली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ई-बुक येऊन आठ महिने झाले, छापील प्रती घरी येऊन सहा. या काळात बऱ्याच जणांनी विचारलं की किती खर्च आला, ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक चालतं का, प्रकाशकाशिवाय जमतं का, आणि दर वेळी मी ट्रेनमधून उतरता उतरता अर्धवट काहीतरी सांगितलं. म्हणून आज सगळं एकदाच लिहितेय.

आधी थोडं माझं, कारण पुस्तक कशाचं आहे ते कळल्याशिवाय पुढच्या भानगडी कळणार नाहीत. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर ते परत आत गेलेच नाहीत, पुढे नाईटला वॉचमन. पण सुट्टी मिळाली की मला नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जायचे. १८९८ सालची संस्था, त्या कपाटांचा वास मला अजून आठवतो. मे महिन्यात मालवणला आजीकडे. देवचार म्हणजे गावाचा न दिसणारा राखणदार. आजी सांगायची, देवचार रातचो गावाभोवती फिरता, तेच्या वाटेत झोपू नये. मी कान लावून त्याच्या काठीचा आवाज ऐकत पडायचे, आणि एकदा तरी तो आलाच अशी माझी खात्री आहे.

आणि एकदा बसमधून हाजी अलीवरून जाताना बाबांनी वरळीच्या बांधाची गोष्ट सांगितली. वरळीची खिंड बुजवायला बांध घालत होते, तो सारखा कोसळत होता, मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढली, बांध टिकला आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं. बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला हा इतिहास, बाकी आख्यायिका. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन, बाबांना विचारलं, समुद्राने देवी दिली तर बदल्यात काय घेतलं? ते म्हणाले, तूच शोध.

तीच माझी कादंबरी. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं, प्रत्येकाचा एक राखणदार, आणि माणसं मधलं पाणी बुजवायला लागतात तेव्हा त्या राखणदारांच्या हद्दीच पुसल्या जातात. यातली जादू म्हणजे कौल आणि गाऱ्हाणं. कौल लावला तर उत्तर मिळतं पण उत्तराची किंमत गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी देतं. हे नियम ठरवायलाच मला वर्ष गेलं. सुरुवातीला मी पात्रांना अशी नावं दिली होती जी कुठल्याच गावात नसतात, ती सगळी काढली, कोळीवाड्यात ऐकू येतील अशी नावं घातली, आणि मग पात्रं बोलायला लागली.

लिहिलं कुठे तर भांडुप ते सीएसएमटी, स्लो लोकल, लेडीज डबा, मोबाईलवर, चार वर्षं. बसायला मिळालं तर पाचशे शब्द, उभी असेन तर संवाद मनात जुळवून ऑफिसच्या लिफ्टमधे टाईप. बोलून टाईप करायचं फीचर खूप वापरलं, रोजचं मराठी ते छान पकडतं, मालवणी संवाद मात्र हातानेच लिहावे लागले.

मग तीन प्रकाशकांकडे पाठवलं. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यांनी सात महिन्यांनी फोन करून प्रेमाने सांगितलं की लेखन चांगलं आहे पण मोठ्यांसाठी अद्भुत कादंबरी मराठीत कोण घेणार, बालसाहित्यात बसवता येईल का बघा. ज्या पुस्तकात एक आई कौलाची किंमत म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव विसरते ते बालसाहित्यात कसं बसवू? त्या रात्री मी खरंच रडले. नंतर एका पॅकेजवाल्या कंपनीने साठ हजार सांगितले, छपाई, कव्हर, ‘मार्केटिंग’ सगळं त्यात. करारात बघितलं तर ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क पाच वर्षं त्यांच्याकडे. पैसे पण माझे आणि हक्क पण त्यांचे? नाही म्हटलं. तुम्हीही करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि कॉपीराईटची भीती कुणी घातली तर घाबरू नका, लिहिलं की तो आपोआप आपला असतो, लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला ५०० रुपये फी, मी पुरावा म्हणून केलं.

आता किंडल. मराठी पुस्तकं तिथे २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत. टाकायला पैसे लागत नाहीत, अकाउंट, पॅन, बँक डिटेल्स, फाईल, कव्हर, झालं. रॉयल्टीचे दोन दर, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेच द्यायचं नाही, छापील चालतं. ७० टक्क्यांत फाईलच्या दर एमबीमागे ७ रुपये डिलिव्हरी पण कापतात, म्हणून सात बेटांचा नकाशा मी चार वेळा बारीक केला. माझी किंमत १४९, सगळं वजा होऊन हातात साधारण ८५ येतात, आणि महिना संपल्यावर अजून जवळजवळ साठ दिवसांनी. ‘किंडल अनलिमिटेड’चे, म्हणजे महिन्याची वर्गणी भरणारे वाचक वाचतात त्यांची पानं मोजली जातात, त्याचे पैसे वेगळे. आजपर्यंत २१२ प्रती विकल्या गेल्यात. कुणीतरी चाळीस पानं वाचली असं दिसतं ना, तो आनंद मला सांगता येणार नाही.

पण या सगळ्या अनुभवात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे ऱ.

मुद्रितशोधनाला मी आमच्याच बिल्डिंगमधल्या निवृत्त मराठी शिक्षकांकडे गेले. सरांनी हस्तलिखित ठेवून घेतलं, दीड महिन्याने लाल शाईने भरून परत दिलं, पैसे घेईनात, शेवटी मी जबरदस्तीने आठ हजार दिले आणि तेही कमीच होते. ते म्हणाले, "बाई, गोष्ट तुमची आहे, मी हात लावलेला नाही. पण र्‍हस्व-दीर्घ चुकलं की वाचणारा बेटावरून उठून परत भांडुपला येतो." यापेक्षा चांगला संपादकीय सल्ला मला कुणी दिलेला नाही.

तर ती दुरुस्त केलेली फाईल मी छपाईसाठी एका मांडणीवाल्याकडे दिली. माझी फाईल युनिकोडमधे, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, त्यांचं काम जुन्या फॉन्टमधे, त्यांनी कन्व्हर्टरमधून काढली. मी पहिली वीस पानं तपासली, मधली दहा, शेवटची दहा, आणि हो म्हटलं. ही माझी चूक. कन्व्हर्ट होताना चंद्रकोरीसारखा अर्धा र गेला आणि त्याचा रफार झाला. म्हणजे दऱ्याचं दर्या! माझ्या पुस्तकात दोन्ही शब्द आहेत हो, डोंगरातल्या दऱ्या पण आहेत आणि दर्या तर पानोपानी आहे. एका प्रसंगात नायिका ‘दऱ्यांमधे हाका मारत फिरली’ असं आहे, छापलं गेलं ‘दर्यांमधे’. वाचणाऱ्यांना वाटलं ती समुद्रात उतरली. एका वाचक ताईंनी चार ओळींचं सुंदर पत्र लिहिलं की तो समुद्रातला प्रसंग अंगावर आला, आणि मला कळेना हा प्रसंग मी कधी लिहिला. २०० प्रती छापून झाल्या होत्या.

म्हणून तुम्ही पुस्तक करत असाल तर ऐका. हा ऱ युनिकोडमधे दोन प्रकारे टाईप होतो, एक खाली टिंब असलेलं वेगळं अक्षरच आहे, दुसरा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण शोधताना एक प्रकार टाकला तर दुसरा सापडत नाही. मोबाईलच्या कीबोर्डने एक टाकला होता आणि सरांच्या मुलाच्या लॅपटॉपने दुसरा. आधी सगळे एका प्रकारचे करून घ्या. मग दऱ्या, साऱ्या, वाऱ्याने, किनाऱ्यावर, बिचाऱ्या असे शब्द एकेक शोधून शेवटच्या पीडीएफमधे डोळ्यांनी बघा, सगळी पानं, नमुन्याला वीस नाही. फॉन्टचंही तसंच, बरेच फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर तो त्यात आहे का आधी बघा. मी नंतर ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरला, तो मुंबईच्याच ‘एक टाईप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला आहे आणि फुकट आहे.

ई-बुक माझ्या मूळ फाईलवरून होतं म्हणून ते या चुकीतून बचावलं.

छापील हिशोब असा. डेमी साईज, ३०४ पानं म्हणजे १६ पानांचे १९ फॉर्म, २०० प्रती, ३१ हजार. कव्हर एका कॉलेजच्या मुलीने केलं, नऊ हजार. आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. किंमत ३५० ठेवली. दुकानांनी ४० टक्के मागितले, त्यांची जागा आणि माणसं बघता मला ते गैर वाटत नाही पण दोनशे प्रतींत परवडत नाही, म्हणून बहुतेक मी स्वतः पोस्टाने पाठवल्या. १४३ गेल्या.

अजून एक, हे फार कमी जण करतात. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक प्रसिद्ध झालं की ३० दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची, त्यातलं एक मुंबईतच, टाऊन हॉलच्या इमारतीत. बाकीच्या पोस्टाने पाठवल्या, ही मी हाफ डे टाकून बाबांना घेऊन द्यायला गेले. बाबा आता बहात्तरचे आहेत, त्या पायऱ्या चढताना तीनदा थांबले. काउंटरवर प्रत दिली, पोच घेतली. बाहेर येऊन पायरीवर बसलो तर बाबा म्हणाले, "मग, काय घेतलं समुद्राने?" मी म्हटलं, वाचलं नाही का तुम्ही? तर म्हणे मोबाईलवर अक्षर लागत नाही आणि छापील तू देतच नाहीस, चुका आहेत म्हणतेस.

उरलेल्या ५७ प्रतींसाठी मी शुद्धिपत्र छापून घेतलंय, एकेका प्रतीत चिकटवायचं काम चालू आहे. पहिली प्रत बाबांना दिली, ते रोज सकाळी आठ-दहा पानं वाचतात, सध्या परळच्या राखणदारापर्यंत आलेत.