मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्ट: गणिताच्या प्राध्यापकाचं आयुष्य यातून कितपत उभं राहतं?

गणिताचे एखादे प्राध्यापक ऐंशीच्या घरात आले की घरचे आणि विद्यार्थी मिळून गौरवग्रंथाच्या, निदान छोट्या स्मरणिकेच्या तयारीला लागतात. घरची माहिती घरात असते. गाडी अडते ती विद्यार्थ्यांच्या यादीपाशी. चाळीस वर्षांत सरांकडे पीएचडी कुणी कुणी केली, कोणत्या साली, आणि ती मंडळी पुढे कुणाकुणाची गाइड झाली? एवढ्या एका कामासाठी मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्ट ही, गणितातल्या पीएचडी आणि त्यांचे गाइड यांची इंटरनेटवर नोंद ठेवणारी, फुकट सेवा उत्तम आहे. त्यापलीकडे मात्र तिच्याकडून फार काही मिळत नाही.

हॅरी कून्स या अमेरिकन प्राध्यापकांना आपल्या गाइडचे गाइड कोण हे शोधूनही सापडेना, त्यातून १९९०च्या दशकात हे काम सुरू झालं. आता ते नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या गणित विभागातून चालतं. नोंदी तीन लाखांच्या वर गेल्या आहेत. गणित या शब्दाचा अर्थ इथे ऐसपैस घेतला आहे, त्यामुळे संख्याशास्त्र, संगणकशास्त्र किंवा ऑपरेशन्स रिसर्चमध्ये प्रबंध लिहिलेलेही चालतात.

प्रत्येकाच्या पानावर नाव, पदवी, विद्यापीठ, साल, प्रबंधाचं शीर्षक, गाइड आणि बहुतेकदा विषयाचा वर्गीकरण क्रमांक असतो. त्याखाली विद्यार्थ्यांचा तक्ता: नाव, विद्यापीठ, साल आणि त्या विद्यार्थ्याच्या शिष्य-प्रशिष्यांची एकूण संख्या. हा तक्ता आधी वर्णानुक्रमे दिसतो. वरच्या दुव्यावर क्लिक करून तो कालक्रमाने लावून घ्या, म्हणजे खरी गंमत कळते. पहिला विद्यार्थी पदवीनंतर किती वर्षांनी बाहेर पडला, कोणत्या दशकात ओळीने चार-पाच जण झाले, मध्ये सात-आठ वर्षं कोरी का गेली, सगळं एका नजरेत येतं. त्या कोऱ्या वर्षांचं उत्तर या पानावर मिळणार नाही. विभागप्रमुखपद, आजारपण, घरातली जबाबदारी, नाहीतर अर्ध्यावर सोडून गेलेले दोन विद्यार्थी, काहीही असू शकतं. पण मुलाखत घ्यायला बसताना नेमकं काय विचारायचं हे मात्र तिथे कळतं.

शोधताना पहिली अडचण नावाची येते. साध्या सर्चमध्ये आडनाव टाकून भागलं नाही तर ॲडव्हान्स्ड सर्चकडे वळा. तिथे विद्यापीठ, साल, देश आणि प्रबंधाच्या शीर्षकातला शब्द असे वेगळे रकाने आहेत. आपल्याकडच्या नावांना हाच मार्ग बरा. प्रबंधावर नुसती आद्याक्षरं असतात, वडिलांचं नाव कधी मधल्या नावात तर कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, आणि रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं होतात. शीर्षकातला एखादा ठसठशीत शब्द आणि साल टाकलं की माणूस लवकर सापडतो. नाव सापडलं नाही म्हणून घाईने नवी नोंद पाठवू नका. एकाच माणसाची दोन पानं झाली की त्याचे विद्यार्थीही दोन्हीकडे विखुरतात.

चूक दुरुस्त करायचा फॉर्म वेगळा आणि नवं नाव घालायचा वेगळा. नवा विद्यार्थी घालताना सरांच्या पानावर तळाशी दिलेला त्यांचा आयडी क्रमांक उतरवून घ्या आणि गाइडच्या रकान्यात तोच भरा. नुसतं नाव लिहिलं तर नामसाधर्म्यातून घोळ होतो. प्रबंधाचं मुखपृष्ठ समोर ठेवूनच फॉर्म भरावा. शीर्षक पूर्ण हवं आणि साल पदवी मिळाल्याचं हवं. प्रबंध डिसेंबरात सादर झाला आणि पदवी पुढच्या वर्षी मिळाली, हे सर्रास घडतं. विद्यापीठाचं नाव पुढे बदललं असेल तर पदवीच्या दाखल्यावरचं नाव कळवा. पाठवलेली माहिती माणसं तपासतात, त्यामुळे ती लगेच पानावर दिसत नाही. छपाईची तारीख ठरली असेल तर हे काम सगळ्यात आधी उरका.

दीर्घ कारकीर्द असलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास होते. सर निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थ्याचं काम निम्म्यावर होतं, कागदोपत्री गाइड बदलले, आणि नोंदीत फक्त दुसरेच आले. इथे दोन गाइड दाखवायची सोय आहे. तरीही ती वापरण्याआधी त्या विद्यार्थ्याला आणि दुसऱ्या गाइडना विचारावं, कारण पान सगळ्या जगाला दिसतं.

दोन गाइडच्या सोयीमुळे हा खऱ्या अर्थाने वंशवृक्ष राहत नाही, फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळतात. म्हणून शिष्य-प्रशिष्यांची बेरीज हाताने करू नका. एकच माणूस दोन वाटांनी येतो आणि दोनदा मोजला जातो. पानावर दिलेला आकडा घ्यावा आणि छापताना तो कोणत्या तारखेचा हेही लिहावं, कारण तो वाढत राहतो.

मागे जाणाऱ्या गुरुपरंपरेबद्दल थोडं सावध राहावं. ‘आमचे सर थेट ऑयलरच्या (अठराव्या शतकातले थोर स्विस गणिती) परंपरेतले’ असं लिहायचा मोह होतोच, पण जुन्या काळात आजच्या अर्थाने पीएचडी आणि गाइड नव्हतेच. त्याच शतकातले गणिती लाग्रांज यांच्या पानावर गाइड म्हणून ऑयलर आहेत, प्रत्यक्षात दोघांचं नातं पत्रव्यवहारातलं. खुद्द ऑयलर यांच्या पानावर बाझल विद्यापीठ, १७२६, ध्वनीवरचा प्रबंध आणि गुरू योहान बेर्नुली एवढंच आहे. तेरा मुलांपैकी आठ लहानपणीच गेलेली, थोरला मुलगा योहान आल्ब्रेश्टही गणिती झालेला, उतारवयात दृष्टी गेल्यावरही काम सुरूच, यातलं काही तिथे नाही. जन्म-मृत्यूची सालंही नाहीत. त्यासाठी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं मॅकट्यूटर संकेतस्थळ बघावं. तिथली चरित्रं वाचनीय आहेत, मात्र निवडक गणितींचीच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांनी जन्मभर पदवीच्या वर्गांना कॅल्क्युलस शिकवलं आणि पीएचडीला मार्गदर्शन केलं नाही, त्यांच्या पानावर ‘विद्यार्थी ज्ञात नाहीत’ अशा अर्थाची एक कोरडी ओळ येते. घरच्यांना ती लागते. ती फक्त नोंदवहीबद्दल बोलते हे खरं, पण ग्रंथात त्या पानाचं चित्र छापायचं कारण नाही. अशा वेळी झीबीमॅथ ओपन ही गणितातल्या शोधनिबंधांची ऑनलाइन सूची बघा. २०२१पासून ते सर्वांना खुलं आहे, आणि लेखकाचे शोधनिबंध, सहलेखक, साल सगळं तिथे व्यवस्थित मिळतं. लेखनही फारसं नसेल तर जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवून वर्गातल्या वह्या आणि प्रश्नपत्रिका मागवाव्यात.

आकृती हवी असेल तर प्रकल्पाकडून पूर्वपरंपरेचा छापील तक्ता पैसे भरून मागवता येतो. त्याआधी खालच्या दोन-तीन पिढ्या नीट तपासा. तिथला एक गाइड चुकला तर त्याच्या वरची सगळी नावं परक्याची. घरात कुणाला संगणकाची आवड असेल तर जेनियाग्राफर हा मोफत प्रोग्रॅम आयडी क्रमांकावरून पूर्वज किंवा वंशज काढून देतो, आणि ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याची आकृती होते. वंशज काढताना आधी पानावरची शिष्य-प्रशिष्यांची संख्या बघून घ्या. ती शेकड्यात असेल तर एका पानावर अक्षरं वाचता येणार नाहीत. मग थेट विद्यार्थी आणि त्यांचे विद्यार्थी एवढ्यावरच थांबावं.