फ्रॉईड की हॉर्नाय: आपली चिंता समजून घ्यायची तर सुरुवात कुणापासून करावी?

मानसशास्त्र घेतलेली मुलं हा प्रश्न परीक्षेआधी विचारतात, आणि चाळिशीतली माणसं झोप उडाल्यावर. सिग्मंड फ्रॉईड आणि कॅरन हॉर्नाय दोघंही मनोविश्लेषणातले, म्हणजे मनात दडलेलं बोलण्यातून उलगडणाऱ्या शाखेतले, पण चिंता कुठून येते यावर त्यांचं जमलं नाही. निवड करायची तर आधी एक गोष्ट तपासा. तुमची चिंता एकट्याने खोलीत बसल्यावरही तेवढीच छळते, की कुणी नाराज झालं, कुणी कौतुक केलं नाही, कुणाला नकार द्यायची वेळ आली की उफाळते? पहिलं असेल तर फ्रॉईड वाचा, दुसरं असेल तर हॉर्नाय. माझं मत आधीच सांगून टाकते: गोव्यातल्या मराठी घरांत वाढलेल्या बहुतेकांनी हॉर्नायबाईंपासून सुरुवात करावी. मात्र तिथेच थांबू नये.

चवथीचं, म्हणजे गोव्यातल्या गणेशचतुर्थीचं, उदाहरण घेऊ. सत्तरी तालुक्यातलं मूळ घर, सगळे जमलेले, आणि समजा तीन भाऊ. थोरला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या) सामानापासून भटजींच्या वेळेपर्यंत सगळं एकटा ओढतो, आणि यंदाची सजावट छान झाली असं कुणी म्हटलं नाही तर रात्रभर तळमळतो. मधला खर्चाची वही उघडतो आणि आरती व्हायच्या आत कुणाला तरी खोटं पाडतो. धाकटा बोटीवर आहे. सुट्टी मिळण्यासारखी असली तरी येत नाही, पैसे मात्र वेळेवर पाठवतो.

हॉर्नायबाईंनी १९४५ मध्ये मांडलेल्या तीन दिशा या याच: लोकांकडे जाणं, लोकांवर चालून जाणं, लोकांपासून दूर जाणं. तिन्हींच्या मुळाशी त्यांना दिसते ती मूलभूत चिंता. घरात आज माया तर उद्या दरडावणी, भावंडांत डावं-उजवं, चारचौघांत पाणउतारा अशा वातावरणात मुलाला राग येतो. पण ज्यांच्यावर राग येतो त्यांच्याच हातून जेवायचं असतं, म्हणून तो राग गिळला जातो. उरते ती भावना अशी की जग वैरी आहे आणि त्यात आपण एकटे, दुबळे आहोत. मग मूल सुरक्षित राहण्याचा एक मार्ग शोधतं आणि मोठेपणी त्यालाच आपला स्वभाव समजतं.

त्यांच्या विचारातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग यापुढचा आहे. निरोगी माणूसही या तिन्ही दिशांनी जातो: कधी पडतं घेतो, कधी भांडतो, कधी दार लावून बसतो. विकृती असते ती सक्तीत. थोरल्याला ‘यंदा मला जमणार नाही’ म्हणताच येत नाही. शिवाय उरलेल्या दोन दिशा मेलेल्या नसतात. मधल्याचा संताप आणि धाकट्याची पळून जायची ओढ थोरल्याच्याही आत आहे, आणि या ओढाताणीतून त्याची चिंता पुन्हा वाढते. त्यावर तो स्वतःची एक आदर्श प्रतिमा उभी करतो. मी कधी चिडता कामा नये, मी सगळ्यांना पुरलंच पाहिजे. १९५० मध्ये हॉर्नायबाईंनी या ‘पाहिजे’च्या जुलमाबद्दल सविस्तर लिहिलं. हे वाचताना इथल्या कितीतरी थोरल्या मुलग्यांना आणि सुनांना आपलं नाव पुकारल्यासारखं वाटेल, अशी माझी खात्री आहे.

पण हाच थोरला रात्री उठून तीनदा कडी तपासतो असं समजा. कडी लावली आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी तपासल्याशिवाय छातीतली धडधड थांबत नाही. इथे हॉर्नायबाईंचा प्रकाश मंद पडतो. लक्षण असं विचित्र, निरर्थक का असतं, हे विचारण्याची चिकाटी फ्रॉईडकडे आहे.

दाबलेल्या कामप्रेरणेचं रूपांतर चिंतेत होतं, असं तो आधी मानत होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९२६ मध्ये, त्याने आपलाच सिद्धांत उलटा केला. चिंता आधी येते आणि ती इशारा असते: अहंला, म्हणजे जगाशी जुळवून घेणाऱ्या ‘मी’ला, न पेलणारी इच्छा वर येऊ पाहते आहे, सावध. मग दमन होतं, म्हणजे ती इच्छा नकळत मनाच्या तळाशी ढकलली जाते, आणि जे दाबलं ते वेष पालटून लक्षणात डोकावतं. थोरल्याच्या सेवेमागे वडिलांवरचा राग असेल आणि तो उलट्या रूपात, अतिरेकी कर्तव्यनिष्ठा होऊन बाहेर पडत असेल, असं फ्रॉईड म्हणेल. कडी तपासण्यात घर राखण्याची इच्छा आणि घरावरचा रोष दोन्ही असू शकतात. पराहंच्या, म्हणजे मनात बसलेल्या करड्या शिक्षकाच्या, धाकातून येणारी नैतिक चिंता, म्हणजे काही वाईट न करताही अपराधी वाटणं, तीही त्यानेच वेगळी ओळखली. त्याचं मूळ लेखन जड वाटलं तर त्याच्या मुलीकडून, ॲना फ्रॉईडकडून आत शिरा. चिंतेपासून वाचायला मन वापरतं त्या अशा युक्त्या, म्हणजे संरक्षण यंत्रणा, तिने १९३६ मध्ये नीट लावून दाखवल्या.

कारण माणसाच्या आत शोधायचं, या वाटेवर एक गोंयकार फ्रॉईडच्या बराच आधी चालला होता. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसमध्ये सांगितलं की संमोहनाची निद्रा कुणाच्या हातातल्या चुंबकीय शक्तीने येत नाही, ती त्या माणसाच्या मनातूनच येते. पणजीतल्या त्याच्या पुतळ्याजवळून जाताना हे आठवावं. फ्रॉईडनेही सुरुवात संमोहनानेच केली होती.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र मी ठामपणे हॉर्नायबाईंच्या बाजूने आहे. स्त्रीला पुरुषाच्या शरीराचा हेवा वाटतो, हे फ्रॉईडचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं. हेवा वाटतो तो पुरुषाला मिळणाऱ्या मोकळीकीचा आणि मानाचा, असं त्या म्हणाल्या. अशा मतभेदांची किंमतही त्यांनी मोजली: १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेतलं शिकवण्याचं काम काढून घेतल्यावर त्या बाहेर पडल्या.

दोघांनाही आपल्याकडे जसंच्या तसं लावू नये. एकत्र कुटुंबात सगळ्यांसाठी राबणारा प्रत्येक जण विकृत नसतो. त्यातून समाधान मिळणारी माणसंही आहेत. माणूस कुटुंबात आणि समूहात इतका गुंतलेला असताना पाश्चात्त्य स्वायत्त व्यक्तीचं माप त्याला कसं लावायचं, हा प्रश्न मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी आयुष्यभर धरून ठेवला. अखेरची बरीच वर्षं ते गोव्यातच राहिले. त्यांचं लेखन मी या दोघांच्या जोडीने वाचायला सांगेन.

वाचन आणि उपचार यांत गल्लत नको. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणातून ‘न्यूरोसिस’ (मनातल्या ओढाताणीतून येणारे चिंतेसारखे त्रास) हा गट १९८० मध्येच गेला, त्यामुळे डॉक्टर तुमच्या कागदावर तो शब्द बहुधा लिहिणार नाहीत. कडी तपासण्यासारख्या सक्तीसाठी आज आधी वर्तनोपचार सुचवतात, आणि चिंतेच्या विकारांत बोधात्मक वर्तनोपचारांमागचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलणाऱ्या उपचारांमागचा, पुरावा भक्कम आहे. पारंपरिक मनोविश्लेषणाला आठवड्यातून चार-पाच बैठका आणि काही वर्षं लागतात. याउलट गोव्यातल्या संगाथ या संस्थेने नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींची पद्धत तयार केली. प्रशिक्षित सामान्य माणसांनी ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत राबवली आणि ती उपयोगी ठरली. झोप, जेवण, नोकरी यांवर परिणाम झाला असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

तेवढी निकड नसेल आणि समुपदेशक शोधत असाल, तर पहिल्याच भेटीत सरळ विचारा: तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, किती वेळा यावं लागेल, बालपणाबद्दल बोलायचं की आताच्या सवयींबद्दल, आणि फरक पडतो आहे की नाही हे आपण दोघांनी केव्हा तपासायचं?