दूध चालतं, मग अंडं का नाही?

आमच्याकडे अंडं उकडायचं भांडं गॅलरीत असतं. दूध मात्र थेट देवघरात जातं. पाकिटावरही तेच: दुधाला हिरवा ठिपका, अंडं पडलं की केक मांसाहारी.

बाजारातलं अंडं बहुधा कोंबड्याशिवाय घातलेलं, अफलित. त्यातून पिल्लू निघणारच नसतं. हिंसा आहे ती मागे: हॅचरीत लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या, जातीची नर पिल्लं जन्मताच मारतात, आणि अंडी घटली की कोंबडीही कापायला जाते.

दुधाचा हिशेब जास्त अडचणीचा. गाय व्याल्याशिवाय दूध नाही. कालवड ठेवतात, गोऱ्ह्याचं काय? पूर्वी तो औताला जुंपायचे. आता ट्रॅक्टर आहे. त्यात जर्सी, होल्स्टीन संकराच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नसतं, जू टेकणार कुठे? 2015 पासून राज्यात बैल कापायला बंदी. मग कोणी गोऱ्हा मोकाट सोडतो, कोणी त्याचं दूधच तोडतो. म्हशीचं रेडकू तर या बंदीतही नाही.

मला विचाराल तर परसातल्या कोंबडीचं अंडं पिशवीतल्या दुधापेक्षा कमी पापाचं. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.